पाहुणे आले की चढणारी रेघ

रेघ चढायला लागली तेव्हा समितीचे अध्यक्ष चहात बिस्किट बुडवत होते.

अर्धं बिस्किट तुटून कपात पडलं, तरी त्यांची नजर स्क्रीनवरून हलली नाही. माझीही नाही. सकाळपासून आडवी, सरळ, गुणी मुलीसारखी चाललेली ती हिरवी रेघ हळूहळू वर निघाली होती. एकदम उडी नाही, धक्का नाही. निवांत जिना चढावा तशी चढत होती.

"डॉक्टर," अध्यक्ष म्हणाले, "पिछली बार भी यही हुआ था ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मागच्या भेटीतही हेच झालं होतं. आमचं मशीन आठवडेच्या आठवडे सरळ चालायचं आणि समिती खुर्चीत बसली की बिघडायचं.

"युअर इन्स्ट्रुमेंट इज शाय," ते म्हणाले. बाकीचे तिघे हसले. मीही हसले, कारण हसण्याचा पगार मिळत नसला तरी न हसण्याची किंमत मोठी असते.

आधी मशीन काय आहे ते सांगते. घाबरू नका, शाळेत सफरचंद पडलेलं आठवत असेल तर पुरे.

पृथ्वी प्रत्येक वस्तूला खाली ओढते. किती जोरात ओढते त्याचा आकडा आपण शाळेत पाठ करतो, नऊ पूर्णांक आठ. परीक्षेपुरता तो बरोबर आहे. खरं म्हणजे तो सगळीकडे सारखा नसतो. जमिनीखाली जड खडक असेल तर ओढ किंचित वाढते, पोकळी असेल तर किंचित कमी होते. पाणी साठलं असेल तर त्याचाही हिशेब त्यात उमटतो. हे फरक दशांश चिन्हानंतर खूप पुढे, आठव्या-नवव्या घरात दिसतात. तिथपर्यंत पोचायला सफरचंद चालत नाही. आम्ही अणू पाडतो.

एका उभ्या नळीतून सगळी हवा काढून घ्यायची. त्यात रुबिडियम नावाच्या धातूचे थोडे अणू सोडायचे. चारी बाजूंनी, वरून-खालून लेसर मारून त्यांना जवळजवळ थांबवायचं. थांबलेला अणू म्हणजे थंड अणू, इतका थंड की त्याहून थंड होणं निसर्गालाच जवळपास मंजूर नाही. मग लेसर बंद करायचे आणि त्यांना पडू द्यायचं. पडताना त्यांच्यावर पुन्हा लेसरचे ठोके मारायचे. त्या ठोक्यांनी प्रत्येक अणू एकाच वेळी दोन वाटांनी जातो आणि खाली येऊन स्वतःलाच भेटतो. हे पटत नसेल तर तुम्ही एकटे नाही, मलाही ते पटलेलं नाही, फक्त सवय झाली आहे. दोन वाटांची भेट कशी होते, त्यावरून पृथ्वीने किती ओढलं ते कळतं. असं दिवसभर पाडत राहायचं, सरासरी काढायची आणि स्क्रीनवर रेघ मारायची.

या मशीनला चंद्रसुद्धा दिसतो. चंद्र डोक्यावर आला की ओढ थोडी कमी होते. तो हिशेब आम्हाला ठाऊक असतो, म्हणून कॉम्प्युटर तो वजा करतो. चंद्र वजा, हवेचा दाब वजा, उरलेली रेघ सरळ यायला हवी.

एकटे असलो की सरळ यायचीच.

या मशीनसाठी मला एक मोठा पुरस्कार मिळाला होता. हे मी लाजत सांगत नाही. सारसोळ्याच्या कोळीवाड्यात आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. कॉलेजच्या ॲडमिशनला आई-वडील दोघेही आले नव्हते, कारण तिथे काय बोलायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. माझी सुगंधाआत्या आली होती. तिने मासळीची पाटी शेजारणीवर सोपवली आणि क्लार्कला सांगितलं, "पोरगी हुशार हाय. बसव तिला." क्लार्कने बसवलं. त्यामुळे पुरस्काराची बातमी आली तेव्हा गावात फ्लेक्स लागला. त्यावर मी, माझा भाऊ, भावाचे मित्र आणि वर 'अणुशास्त्रज्ञ' अशी ठळक अक्षरं. पुढचा महिनाभर लोक मला विचारत होते, बॉम्ब बनवतेस काय गो?

पण पुरस्कार मिळाला की लोक खुर्चीत थोडे मागे टेकून बसतात आणि म्हणतात, बघू या. समिती बघायलाच आली होती. देशातल्या कोरड्या भागांत जमिनीखालचं पाणी शोधण्याचा एक मोठा प्रकल्प निघाला होता. त्यासाठी अशी मशीनं बनवून शेतात, माळावर न्यायची होती. काम आम्हाला द्यायचं की दक्षिणेतल्या एका संस्थेला, एवढाच प्रश्न होता. त्यांची प्रयोगशाळा शांत टेकडीवर, अखंड खडकावर. आमची तुर्भ्यात, जुन्या रंगाच्या कारखान्याच्या इमारतीत. बाहेर दिवसभर ट्रक.

ही जागा मीच निवडली होती. तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. माझं म्हणणं साधं होतं. मशीन शेवटी शेतात जाणार आहे. तिथे बोअरची गाडी असणार, ट्रॅक्टर असणार, लग्नाचा डीजे असणार. तुर्भ्याच्या ट्रकांत जे चाललं ते कुठेही चालेल. ट्रकांचा थरथराट कापायची व्यवस्था आम्ही घरचीच बनवली, आणि पुरस्कारही मुख्यतः तिच्यासाठीच मिळाला. आता समितीसमोर रेघ चढत होती. म्हणजे जागा चुकली आणि मीही चुकले, असाच त्याचा अर्थ निघत होता.

जाताना अध्यक्षांनी सांगितलं की आणखी एकदा येऊ. तो शेवटचा मौका असेल हे त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांनी निरोप घेताना माझा हात जरा जास्तच वेळ धरला. त्यावरून कळलं.

ते गेल्यावर डायरेक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. डायरेक्टर तसे चांगले, फक्त इस्त्री मोडली तरी त्यांना टेन्शन येतं.

"मशीनला स्टेज फ्राइट आहे का?" त्यांनी विचारलं.

"सर, मशीनला मन नसतं."

"मग काहीतरी आहेच ना. शोधा."

शोधायला सुरुवात झाली. माझा सहकारी डॉक्टर शेळके सांगोल्याकडचा, राहायला करंजाड्यात, आणि हिशेबात इतका पक्का की चहाच्या टपरीवरही तो आकडे तीन वेळा तपासतो. त्याने आपला निष्कर्ष आधीच काढला होता. "मॅडम, मशीनला पाव्हणे सोसत नाहीत बघा. आमच्या म्हशीचं असंच होतं. परका माणूस गोठ्यात आला की दूध चोरायची."

म्हैस बाजूला ठेवून आम्ही एकेक संशयित पकडला. पहिला संशय माणसांवर. माणसालाही वजन असतं, आणि वजन असलं की ओढ असते. नळीजवळ चार-पाच जाडजूड माणसं उभी राहिली तर मशीनला ती कळतात का? शेळकेने गणित केलं. कळतात, पण पुसट. एवढी चढण यायला जवळजवळ अख्खी वरात उभी करावी लागली असती. शिवाय दुसऱ्या भेटीत समिती शेजारच्या खोलीत बसून टीव्हीवर बघत होती.

दुसरा संशय मोबाइलवर. दुसऱ्या भेटीत मोबाइल गेटवरच ठेवून घेतले होते, तरी रेघ चढली. मग एसीवर संशय. पाहुणे आले की एसी जोरात लावतात, गारठा वाढला की लेसरचा सूर बिघडतो. तपमानाची नोंद बघितली तर तिथे काहीच नव्हतं. लिफ्ट, जनरेटर, नवे दिवे, गुलदस्ते ठेवलेलं लोखंडी स्टँड, सगळं तपासलं. गुलदस्त्यात आमच्या ऑफिसमधल्या कुणीतरी चमकी मारलेली होती, म्हणून ती चमकीसुद्धा शेळकेने चुंबकाखाली धरून पाहिली. प्लॅस्टिक निघाली.

मग आम्ही खोटी भेट करून पाहिली. ऑफिसातलीच माणसं सूट-बूट घालून आली, खुर्च्यांत बसली, चहा-बिस्किटं खाल्ली. अकाउंट्सच्या एका बाईंनी अध्यक्षांची नक्कल करत "शाय, व्हेरी शाय" असं दहा वेळा म्हटलं. रेघ जागची हलली नाही.

"ओळखीची माणसं आहेत," शेळके म्हणाला. "मशीन फसत नाही. परकी माणसं आणायला पाहिजेत."

तो अर्धा थट्टेत बोलला होता. पण मी विचार केला, हरकत काय? परकी माणसं माझ्याकडे भरपूर होती. पुरस्कार मिळाल्यापासून सारसोळ्याचे सगळे नातेवाईक विचारत होते की तुझं मशीन कधी दाखवतेस. मी भावाला फोन केला आणि रविवारी सगळ्यांना घेऊन ये म्हणून सांगितलं. भाऊ कन्स्ट्रक्शनच्या धंद्यात आहे, त्याच्या हाताखाली नेहमी एखादा टेम्पो असतोच. रविवारी सकाळी तो टेम्पो आमच्या गेटसमोर थांबला आणि त्यातून माझं अख्खं खानदान उतरलं. काक्या, माम्या, चुलत भावंडं, नव्याकोऱ्या साड्या, डोक्यात अबोलीचे गजरे. बरोबर तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी आणि जवळ्याचा डबा. सिक्युरिटीवाल्याने डब्याचं झाकण उघडून पाहिलं आणि लगेच बंद करून आदराने परत दिलं.

सर्वात पुढे सुगंधाआत्या. आता सत्तरीच्या पुढे आहे, पण गर्दीतून वाट काढायची सवय गेलेली नाही.

लॅबमध्ये सगळ्यांना बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या घालायला लावल्या. आत्याने चपला काढून अनवाणीच यायचा हट्ट धरला. देवळात जाताना पिशव्या घालत नाहीत, असं तिचं म्हणणं पडलं. मग मी नळी दाखवली, लेसर दाखवले, आणि अणू दोन वाटांनी जातो ते सांगितलं. इतकी वर्षं मोठमोठ्या सभागृहांत मी हे सांगितलं आहे, पण असा श्रोता मिळाला नव्हता. कारण आत्याने मध्येच हात वर केला.

"आन् त्याला इचारला का, कंच्या वाटंनी आयलास?"

मी म्हटलं, विचारता येतं. पण विचारलं की तो एकाच वाटेने येतो. दोन वाटांनी जातो ते फक्त कुणी विचारत नसेल तेव्हा.

आत्याने मान डोलावली. "म्हंजे तुजा मामा. इचारला का सरळ घरी आयलो सांगतो."

मामा समोरच उभा होता. लॅबमध्ये इतका हशा झाला की शेळकेने घाबरून स्क्रीनकडे धाव घेतली. थरथराट कापायची व्यवस्था कोळीवाड्याच्या हसण्यापुढे टिकेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. टिकली. रेघ सरळ.

दुपार झाली. नातेवाईक नळीभोवती उभे राहिले, बसले, फोटो काढले, शेजारच्या खोलीत भाकऱ्या खाल्ल्या. आम्ही मोबाइल काढून घेतले नव्हते. एसी सोळावर होता. लहान मुलं पळत होती. समितीच्या भेटीत जे जे होत नाही ते सगळं त्या दिवशी झालं. रेघ मात्र अशी सरळ की पट्टीने आखल्यासारखी.

मला आनंद व्हायला हवा होता. शेळके तर खूश होता. "मॅडम, समितीला कळवू या, येताना तुमच्या मामांना घेऊन या म्हणावं." मी मात्र परत संशयितांची यादी वाचत होते. परकी माणसं झाली, गर्दी झाली, गोंधळ झाला, आणि मशीन ढिम्म. मग त्या चार शांत, सभ्य माणसांनी असं काय केलं होतं, जे माझ्या या गोतावळ्याने केलं नाही?

तेवढ्यात आत्या आली. हात कोपरापर्यंत चटणीने माखलेले, तोंडावर रीतसर राग.

"काय गो मंदे, यवरा मोठा तुजा हापिस, यवरा मोठा पुरस्कार, आन् नळाला पानी नाय?"

लॅबच्या बाजूला पाहुण्यांसाठी एक वेगळं, टाइल्स चकचकीत असलेलं बाथरूम आहे. आम्ही स्टाफ कधी तिथे जात नाही. आत्या स्वतःला पाहुणी समजून तिथे गेली होती, आणि ते बरोबरच होतं. मी तिला आमच्या रोजच्या बाथरूममध्ये नेलं, हात धुवायला लावले, आणि शरमून परब साहेबांना फोन लावला.

परब साहेब आमचे ॲडमिन ऑफिसर. इमारत, पाणी, वीज, बाग, पाहुण्यांची सरबराई, सगळं त्यांच्याकडे. मूळचे कणकवलीकडचे. पाहुण्याला काही कमी पडलं तर त्यांना रात्री जेवण जात नाही. मी सांगितलं की माझे लोक आलेत आणि गेस्ट बाथरूमला पाणी नाही.

पलीकडून दुखावलेला आवाज आला. "मॅडम, हे बरोबर नाही हां. पाहुणे येणार असं आधी सांगितलं असतंत, तर मी टाकी भरून ठेवली नसती का?"

"कुठली टाकी?"

"ती हो, तुमच्या लॅबच्या बाजूची. स्टोअररूमच्या फरशीखालची. तिचं पाणी फक्त गेस्ट बाथरूमला."

मी खुर्चीत बसले. हे मला नीट आठवतं, कारण खुर्चीवर आधी भाकऱ्यांचा डबा होता.

"परब साहेब, ती टाकी रोज भरता?"

"छे छे. जुनी आहे, झिरपते. भरली की तीन-चार दिवसांत रिकामी. रोज भरून काय करणार? पाहुणे यायचे असले की त्याच दिवशी सकाळी पंप लावतो. दुपारपर्यंत फुल्ल."

"समिती आली तेव्हा?"

"म्हणजे काय. दिल्लीची माणसं. काठोकाठ भरली होती."

फोन ठेवून मी शेळकेकडे पाहिलं. त्याने अर्धंच बोलणं ऐकलं होतं, पण गणितवाल्या माणसाला तेवढं पुरतं. तो उठला, स्टोअररूममध्ये गेला, जुनी खोकी सरकवली. खाली एक लोखंडी झाकण होतं. कारखान्याच्या काळची टाकी, आमच्या इमारतीच्या नकाशात तिचा पत्ताच नाही. झाकण उचलून त्याने मोबाइलचा उजेड आत सोडला. तीन-चार टँकर आरामात मावतील एवढी जागा, तळाशी थोडा ओलावा. आणि भिंतीपलीकडे, चार-पाच पावलांवर, आमची नळी.

पाणी जड असतं. एवढं पाणी अणूंच्या पायाखाली, जरासं बाजूला, हळूहळू साठत गेलं की पृथ्वीची ओढ तिथल्या तिथे हळूहळू वाढत जाते. रेघ निवांत जिना चढावा तशी चढते. पाहुणे गेले, टाकी झिरपून रिकामी झाली, की तीन-चार दिवसांत रेघ जागेवर. आम्हाला वाटायचं, मशीन सावरलं.

शेळके फरशीवर बसून हसायला लागला. मलाही आवरेना. भिंतीपलीकडून मामा विचारत होता काय झालं, आणि मला सांगता येत नव्हतं. जे मशीन आम्ही जमिनीखालचं पाणी शोधायला बनवलं, त्याने जमिनीखालचं पाणी शोधलं होतं. एकदा नाही, दोनदा, आणि तेही समितीसमोर. आणि आम्ही बारा-पंधरा वर्षं क्वांटम शिकलेली माणसं चमकीला चुंबक लावत बसलो होतो.

सोमवारी परब साहेबांना हात जोडून टाकी भरायला लावली. पाहुणे नसताना पाणी भरायचं म्हणजे त्यांना फार जड गेलं, पण भरली. रेघ चढली. मग त्यांनी ती रिकामी केली. रेघ उतरली. दोन वेळा केलं, दोन्ही वेळा तसंच. डायरेक्टर स्वतः येऊन बघून गेले.

"उत्तम," ते म्हणाले. "आता पुढच्या भेटीला टाकी रिकामी ठेवा. सरळ रेघ दाखवा. विषय संपला."

"सर, टाकी भरायची आहे."

"कशाला?"

"त्यांना पाणी शोधायचंय. आपण पाणी दाखवू."

त्यांनी चष्मा काढला. "मंदाकिनीबाई, ते दोनदा हसून गेलेत. तिसऱ्यांदा रेघ चढली की तुमचं स्पष्टीकरण कोण ऐकणार? त्यांना वाटेल, बिघाड झाकायला बाईंनी टाकी शोधून काढली."

भीती खरी होती. सरळ रेघ दाखवली असती तर काम मिळायची बरीच शक्यता होती. पण सरळ रेघ टेकडीवरची संस्थाही दाखवणार होती, आमच्यापेक्षा सरळ. मी सांगितलं की स्पष्टीकरण चढल्यानंतर देणार नाही, आधी देणार. डायरेक्टर बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "बुडालो तर बरोबर बुडू." त्या दिवसापासून त्यांच्या इस्त्रीवर मी विनोद करत नाही.

समिती आली. अध्यक्षांनी बसायच्या आधीच स्क्रीनकडे बघितलं. रेघ सरळ होती. मी त्यांना बसू दिलं नाही. स्टोअररूममध्ये नेलं, झाकण उघडून रिकामी टाकी दाखवली आणि दोन्ही भेटींत काय झालं ते सगळं सांगितलं. आत्याच्या चटणीच्या हातांसकट.

ते हसले नाहीत. हे मला अपेक्षित नव्हतं. ते टाकीत वाकून बघत म्हणाले, "कहानी अच्छी है, डॉक्टर. लेकिन कहानी है."

"म्हणून तुम्हीच पाणी भरा," मी म्हटलं. मी मराठीत बोलले हे मला नंतर कळलं. त्यांना कळलं असावं.

ठरलं असं. समितीतले एक सदस्य परब साहेबांबरोबर पंपावर जाणार. हवं तेव्हा चालू, हवं तेव्हा बंद. आम्हाला काही सांगायचं नाही, झाकण बंद. शेळके आणि मी फक्त रेघ बघणार आणि टाकीत पाणी किती हात आलं ते सांगणार.

पंप कधी लागला ते आम्हाला ऐकूही आलं नाही, तो गेटजवळ आहे. चहा आला. बिस्किटं आली. अध्यक्षांनी या वेळी बिस्किट बुडवलं नाही. बराच वेळ रेघ सरळच राहिली आणि डायरेक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नजर वळवली. अणूंना घाई नसते. हजारो वेळा पाडल्याशिवाय ते काही सांगत नाहीत. मग रेघेने मान उचलली. चढली, चढली आणि मध्येच थांबून पुन्हा आडवी चालायला लागली.

"बंद केला पंप," शेळके म्हणाला. त्याने आकडे तीन वेळा तपासले. "अर्ध्याहून थोडं कमी. माझ्या छातीला लागेल एवढं पाणी."

सगळे स्टोअररूमकडे निघाले. परब साहेबांनी झाकण उचललं, लांब बांबू आत सोडला, बाहेर काढला. ओली खूण शेळकेच्या छातीला लावून बघितली. चार बोटं खाली होती. चार बोटांचं उत्तर नंतर मिळालं, टाकीचा तळ एका बाजूला खोल होता. पण त्या क्षणी ते कुणी विचारलं नाही. समितीतल्या एका प्राध्यापकांनी चक्क टाळी वाजवली आणि मग इकडेतिकडे बघून हात खिशात घातले.

अध्यक्षांनी तो ओला बांबू स्वतः हातात घेऊन बघितला. हाताला शेवाळ लागलं.

"डॉक्टर, अब हाथ धो सकता हूँ?"

"जरूर, सर. लेकिन लाइन नीचे आएगी."

तेव्हा ते हसले. असे हसले की परब साहेबांनी दचकून झाकण हातातून सोडलं.

काम आम्हाला मिळालं. दोन नवी मशीनं तयार झाली आहेत. पहिलं शेळकेच्याच भागात, माळरानावर गेलं. तिथे शेजारी खरोखरच डीजे लागला होता आणि मशीनने त्याची दखल घेतली नाही. तुर्भ्याचं जुनं मशीन जागेवरच आहे. टाकीची गळती काढायची नाही असं आम्ही परब साहेबांना विनवून ठेवलंय. भरून, झिरपवून नवीन मशीनं तपासायला तिच्यासारखी सोय नाही. परब साहेबही आता बदललेत. पाहुणे यायचे असले की पंप लावतात, पण झाकण उघडून बघत नाहीत. लॅबमध्ये फोन करतात आणि विचारतात, "मॅडम, टाकी भरली का हो?"

नव्या मुलांना मी यातून एकच गोष्ट सांगते. मशीन नको ते दाखवायला लागलं की त्याला बिघडलेलं ठरवायच्या आधी, आपण ते कशासाठी बनवलं होतं ते एकदा आठवावं. आणि पाहुणे येणार असतील तर ॲडमिन त्यांच्यासाठी काय काय करणार आहे, ते आधी विचारून घ्यावं.

सुगंधाआत्याला मी सगळं समजावून सांगितलं होतं. तिने ते आपल्या पद्धतीने लक्षात ठेवलंय. सारसोळ्यात कुणी माझा विषय काढला की ती आधी पदर सारखा करते आणि सांगते, "मंदीच्या हापिसात पानी नव्हता. तो मीच आनला."